शेवटचे पाच लिटर

रात्रीचे दोन वाजलेले. कुरुंद्यातील एका आडत-व्यापारी कुटुंबातील ज्येष्ठांना दम लागतो. घरातले सगळे उठतात. कोणी 108 क्रमांक लावतो, कोणी औषधाची पिशवी शोधतो. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली आहे, यायला वेळ लागेल असे कळते. तेव्हा घरची गाडीच काढायचे ठरते. आधी वसमत गाठायचे आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितले तर पुढे नांदेड. पुतण्या किल्ली फिरवतो. गाडी सुरू होते आणि काट्याशेजारी पिवळा दिवा लागतो.

"काका, गाडी रिझर्व्हला लागली आहे."

काका काही बोलत नाहीत. संध्याकाळी नांदेडच्या बाजारातून गाडी तेच घेऊन आले होते. दिवा त्यांनी नायगावकडच्या एका व्यापाऱ्याशी फोनवर बोलता बोलता पाहिला होता. वाटेत दोन पंपही लागले होते. 'आता उशीर झाला, सकाळी भरू' असे म्हणून ते घरी आले. मात्र ती सकाळ उजाडायला अजून चार तास होते.

हे कोणा एका घरचे वर्णन नव्हे. एक गाडी आणि ती चालविणारे चार हात असलेल्या बाजारगावातल्या कोणत्याही एकत्र कुटुंबात घडू शकेल, असे हे कल्पिलेले चित्र आहे. पुढे काय होते, हे दिवा लागल्यानंतर गाडी किती चालली आहे यावर अवलंबून. कदाचित ती वसमतला सुखरूप पोहोचेल, कदाचित पोहोचणार नाही. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की इतक्या सावध, पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या घरात ही वेळ 'कदाचित'वर का सोपविली गेली?

'रिझर्व्ह' हा शब्द मराठी घरांत आला तो स्कूटरबरोबर. बजाज चेतकच्या काळात सीटखाली इंधनाचा एक कॉक असे. चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा त्याच्या तीन जागा होत्या. चालता चालता स्कूटर आचके देऊ लागली की चालविणारा वाकून तो कॉक फिरवी आणि गाडी पुन्हा धावू लागे. त्या व्यवस्थेत एक शिस्त आपोआप पाळली जात असे. राखीव भागाला हात लावण्यासाठी माणसाला थांबावे लागे, हाताने काही करावे लागे. ठेव मोडण्यासाठी बँकेत जाऊन सही करावी लागते, तसेच ते होते.

मोटारीत असा कॉक नसतो. टाकी एकच, पडदा नाही, कप्पा नाही. बहुतेक लहान गाड्यांत साधारण पाच-सहा लिटर इंधन उरले की दिवा लागतो. हे प्रमाण मॉडेलनुसार कमी-अधिक असते. पण दिवा लागल्यावर गाडी अडत नाही की आचके देत नाही, पूर्वीसारखीच धावते. त्यामुळे राखीव साठा कधी खर्चू लागलो, हे चालविणाऱ्याला जाणवतही नाही. पूर्वी यंत्रात असलेली शिस्त आता माणसाच्या स्वभावात असावी लागते. तिथे ती नसेल, तर कुठेच नसते.

या दिव्यावर आणि काट्यावर किती विसंबावे, हेही समजून घेतले पाहिजे. टाकीत एक तरंगता गोळा असतो. इंधनाच्या पातळीबरोबर तो वर-खाली होतो आणि त्याला जोडलेल्या दांडीमुळे काटा हलतो. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, गाडीच्या तळाशी मिळेल त्या जागेत ती बसविलेली असते. म्हणून काट्याचा प्रत्येक भाग सारख्याच किलोमीटरांचा असेल असे नाही. चढावर किंवा वळणावर इंधन एका बाजूला सरकते, दिवा लागतो आणि सपाटीवर पुन्हा विझतो. दिवा विझला म्हणजे इंधन वाढले असे समजणारेही आहेत!

नव्या गाड्यांत 'आणखी 60 किलोमीटर' असा आकडा दिसतो. तो मोजलेला नसतो, काढलेला असतो. अलीकडच्या अंतरात गाडीने किती इंधन घेतले, त्यावरून पुढचा अंदाज बांधला जातो. नांदेडहून मोकळ्या रस्त्याने एकटा माणूस आला असेल, तर आकडा उदार दिसतो. त्याच गाडीत पाच माणसे बसली, वातानुकूलन लावले आणि खड्ड्यांच्या रस्त्याने खालच्या गिअरमध्ये जावे लागले, तर 60 चे 40 केव्हा झाले ते कळत नाही. मागील वर्षाच्या नफ्यावरून पुढील वर्षाचा खर्च ठरविणारा दुकानदार आणि या आकड्यावर गाडी हाकणारा चालक, दोघांची चूक एकच.

अशा चुकीचे जगप्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचे 143 क्रमांकाचे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. बोइंग 767 जातीचे ते विमान त्या वेळी अगदी नवे होते. त्याचा इंधनमापक बंद पडला होता, म्हणून इंधन हिशेबाने भरले गेले. प्रवासाला 22,300 किलोग्रॅम इंधन हवे होते. कॅनडात तेव्हा पौंडाकडून किलोग्रॅमकडे संक्रमण चालू होते. लिटरांचे वजन काढताना किलोग्रॅमचा गुणक वापरण्याऐवजी पौंडाचा वापरला गेला. कागदावर 22,300 हा आकडा बरोबर जुळला, पण टाकीत पडले 22,300 पौंड, म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी. सुमारे 41,000 फूट उंचीवर असताना इंधन संपत आले आणि पाठोपाठ दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालविण्याचा अनुभव होता. सहकारी मॉरिस क्विंटल यांच्या साहाय्याने त्यांनी ते अवजड विमान तरंगत खाली आणले आणि गिमली येथील वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील सर्व 69 जण वाचले. त्यात कौशल्याचा वाटा मोठा होता, तसा योगाचाही. वही जुळली म्हणजे माल जुळला असे नव्हे, हे दिवाळीच्या आधी गोदामात उभे राहून पोती मोजणाऱ्या व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

कमी इंधनावर गाडी चालविल्याने यंत्राचे नुकसान होते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तळाचा गाळ इंजिनात जातो, असे सर्रास सांगितले जाते. त्यात अर्धेच तथ्य आहे. टाकी भरलेली असो वा रिकामी, इंधन तळाजवळूनच ओढले जाते आणि वाटेत गाळणी असते. खरा मुद्दा वेगळा आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांत इंधन ढकलणारा विद्युत पंप टाकीतच बसविलेला असतो आणि भोवतालचे इंधन त्याला थंड ठेवते. पातळी वारंवार तळाला गेली तर पंप तापतो, इंधनाबरोबर हवा ओढू लागतो आणि त्याचे आयुष्य घटते. एकदा दिवा लागल्याने काही बिघडत नाही, रोजची सवय मात्र बिघडवते. इंधन पूर्ण संपताना इंजिन अडखळते. तेव्हा न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन त्याला इजा करू शकते. डिझेल गाडीचे दुखणे आणखी निराळे. नळ्यांत हवा शिरली, तर नंतर डिझेल ओतूनही ती लगेच सुरू होईलच असे नाही, आधी हवा काढावी लागते. रात्री दोन वाजता हे काम करणारा मिस्त्री मिळणे कठीण.

मग जाणत्या घरांतही काटा तळाला का जातो? व्यापारी घरांत त्याची दोन कारणे दिली जातात आणि दोन्ही हिशेबी वाटतात. पहिले म्हणजे भाव. डेपोपासूनच्या वाहतुकीमुळे गावोगावचे दर वेगळे असतात. मनमाडजवळच्या डेपोपासून दूर असल्याने परभणीचे पेट्रोल राज्यातील सर्वांत महागांपैकी एक म्हणून अनेकदा बातम्यांत आले आहे. साहजिकच 'पुढच्या गावी रुपयाने स्वस्त मिळेल' म्हणून पंप मागे टाकला जातो. 30 लिटर भरले आणि लिटरमागे एक रुपया वाचला, तर बचत होते 30 रुपये. उद्या भाव उतरेल ही आशाही आता फारशी उपयोगाची नाही. 16 जून 2017 पासून देशभर दर रोज ठरतात, आणि रोजचा बदल झालाच तर बहुधा पैशांत असतो.

दुसरे कारण म्हणजे पैसा अडकून पडतो. व्यापाऱ्याला रोकड खेळती हवी, हे खरेच. तेव्हा हाही हिशेब मांडून पाहावा. मारुती स्विफ्टसारख्या गाडीची टाकी 37 लिटरची असते. तिचा पाव भाग नऊ लिटरांहून थोडा अधिक, सोयीसाठी 10 लिटर धरू. लिटरचा भाव 105 रुपये धरला, तर सतत टाकीत राहणाऱ्या या साठ्यात 1,050 रुपये गुंततात. द.सा.द.शे. 12 दराने त्यावरील व्याज वर्षाला 126 रुपये, महिन्याला साडेदहा रुपये आणि दिवसाला सुमारे 35 पैसे होते. रोज 35 पैशांत मध्यरात्री वसमत-नांदेडला निघण्याची निश्चिती मिळते. इतक्या स्वस्त हप्त्याचा विमा कोणतीही कंपनी देणार नाही.

बँकांचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी आहे. रिझर्व्ह बँक कायदा, 1934 च्या तरतुदीनुसार प्रत्येक अनुसूचित बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. त्यावर व्याज मिळत नाही. नफ्याच्या दृष्टीने पाहिले तर ती रक्कम निजलेली असते. तरीही ती ठेवायची असते, कारण दारात आलेल्या ठेवीदाराला 'आज नाही, उद्या या' असे सांगण्याची वेळ बँकेवर कधीच येऊ नये. राखीव निधीची किंमत त्याच्या व्याजात नसते, ती त्या एका दिवसात असते.

असे दिवस कल्पनेतले नाहीत. 2024 च्या आरंभीचा प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठीच्या नव्या कायद्यातील कठोर शिक्षेच्या विरोधात मालमोटार आणि टँकर चालकांनी 1 जानेवारी रोजी काम थांबविले. मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन प्रकल्पांतून टँकर बाहेर पडेनात. राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, कित्येक पंप कोरडे पडले. 2 जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची चर्चा होऊन आंदोलन मागे घेतले गेले. सारा खेळ दोन दिवसांचा. ज्यांच्या टाकीत निम्मे इंधन होते, त्यांना ते दोन दिवस घरी बसून काढता आले. ज्यांचा दिवा लागलेला होता, ते रांगेत उभे राहिले. आणि ज्यांना गरज नव्हती, तेही घाबरून कॅन घेऊन त्याच रांगेत आले.

शांत काळात भरलेली अर्धी टाकी आणि घबराटीत भरलेला कॅन यांतला फरक श्रावकाने ओळखावा. पहिली दक्षता आहे, दुसरा परिग्रह. पहिलीमुळे अडचणीच्या दिवशी रांगेतला एक माणूस कमी होतो आणि रुग्णाला नेणाऱ्याला जागा मिळते. दुसऱ्यामुळे त्याच्या वाट्याचे इंधन आपल्या घरच्या कोपऱ्यात येऊन पडते. शिवाय पेट्रोल हे कायद्याने सर्वाधिक ज्वालाग्राही वर्गात मोडते. ते पाण्याच्या बाटलीत वा प्लास्टिकच्या डब्यात भरून हळदीच्या पोत्यांशेजारी ठेवणे म्हणजे घरात आगीला जागा करून देणे.

कुरुंद्याला तर याहून जवळचा अनुभव आहे. टोकाई गडाच्या परिसरातील हे गाव हळद, ऊस आणि केळीच्या पट्ट्यात येते. जुलै 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात येथे अतिवृष्टी झाली आणि पुराचे पाणी घराघरांत शिरले. नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्याच्या सूचना तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना दिल्या. अशा रात्री कोणता पंप उघडा असणार? पाणी ओसरल्यावर जो रस्ता मोकळा होईल, त्याने म्हातारी माणसे, लेकरे यांना न्यायचे, तर टाकीत आधीपासून जे आहे तेच कामाला येते.

वाटेत गाडी बंद पडली तर केवळ आपलीच अडचण होते, हाही समज बरोबर नाही. गाळपाच्या हंगामात या रस्त्यांवरून रात्रभर उसाच्या ट्रॉल्या जातात. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि अंधारात मध्येच उभी राहिलेली मोटार त्यांच्या चालकाला उशिरा दिसते. जर्मनीत द्रुतगती महामार्गावर थांबण्यासच मनाई आहे. इंधन संपणे ही आधी टाळता येण्याजोगी गोष्ट असल्याने तेथे ती सबब मानली जात नाही. जैन वाचकाला यात आणखी एक गोष्ट सहज दिसेल. शेषकाळात साधु-साध्वींचा विहार पहाटे रस्त्याच्या कडेने चालू असतो. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणारे यात्रेकरूही याच बाजूने पायी जातात. कडेला निष्काळजीपणे उभी असलेली एक गाडी त्यांना वाहनांच्या मार्गात उतरायला भाग पाडते. साधू भगवंत पावला-पावलाला ईर्या समितीचे पालन करतात, आणि श्रावकाला आपल्या गाडीचा एक काटा पाहता येऊ नये?

शास्त्रकारांनी अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादाचरणाची गणना केली आहे. निष्कारण, केवळ बेपर्वाईने घडणारी हिंसा टाळावी, हा त्यामागचा भाव. रिकाम्या टाकीने निघणे याच सदरात बसते. त्यात लोभ असलाच तर 30 रुपयांचा, आळस दहा मिनिटांचा. परिणाम मात्र परक्यालाही भोगावा लागतो. दिग्व्रत घेणारा श्रावक कोणत्या दिशेला किती दूर जायचे, हे आधी ठरवितो. निघण्यापूर्वी अंतर ठरविण्याची ही सवय ज्याला आहे, त्याला इंधनाचा अंदाज निराळा शिकवावा लागत नाही.

दिवा लागलाच, तर काय करावे? वेग एकसारखा आणि मध्यम ठेवावा, वातानुकूलन बंद करावे आणि स्वस्त पंप न शोधता जवळचा पंप गाठावा. समृद्धीसारख्या द्रुतगती महामार्गावर चढण्याआधीच टाकी भरावी, तेथे मागे वळता येत नाही आणि पंपांमधील अंतर मोठे असते. गाडी थांबू लागली, तर ती रस्त्यापासून शक्य तितकी दूर घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागे काही अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि माणसांना रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरवून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि इतरत्र 112 हे क्रमांक मदतीसाठी आहेत.

पण ही सर्व नंतरची व्यवस्था झाली. घरापुरता नियम एकाच वाक्यात बसतो: काटा पाव भागाखाली असताना गाडी घरी आणायची नाही. हा नियम गाडी नेणाऱ्यावर नाही, आणणाऱ्यावर आहे. एकत्र कुटुंबात गाडी कोणा एकाची नसते. काकांनी ठेवली, पुतण्याने उचलली, वहिनींनी मुलांना शाळेतून आणायला नेली. शेवटचे पाच लिटर जाळून गाडी दारात लावणारा आपले इंधन जाळत नाही, पुढे ज्याला ती लागेल त्याचे जाळतो. दुकान बंद करताना उद्याच्या मोडीसाठी गल्ल्यात सुटे पैसे ठेवण्याची रीत आहे. ते पैसे आजच्या विक्रीत धरले जात नाहीत. टाकीतील शेवटचे पाच लिटरही आजच्या प्रवासात धरू नयेत.

कल्पिलेल्या त्या रात्रीचा शेवट कसा झाला, हे सांगण्याची गरज नाही. तो दोन्ही प्रकारे होऊ शकतो. तो ठरतो मध्यरात्री नव्हे, संध्याकाळी, पंपासमोरून गाडी पुढे नेताना.

जय जिनेंद्र.